उबेच्या घराचे स्क्रू

११ जानेवारी, रविवार

टक टाक टाक, टक टाक टाक. गुरुजींची लाकडी पट्टी टेबलाच्या कडेवर पडायची आणि बाकांखाली सगळ्या वर्गाचे पाय त्याच तालावर हलायचे. लगागा लगागा लगागा लगागा. "भुजंगप्रयात म्हणजे सापाची चाल," गुरुजी म्हणायचे, "मध्येच अडखळला तर तो साप नव्हे, गांडूळ."

आज घाट उतरताना वायपर नेमके त्याच तालावर चालले होते आणि मी पाचवीच्या वर्गात जाऊन बसलो. बाहेर पाऊस नव्हता. काच आतून भरली होती, चिकट, तेलकट धुक्याने. वायपर बाहेरून पुसत होते, धुकं आत. शेजारी बसलेल्या हिने माझा कोपर धरला आणि मी ब्रेक दाबला. कठडा बंपरपासून हातभर होता. त्याच्या पलीकडे काही नव्हतं.

मग तिने पदराने माझ्यापुढची काच पुसली आणि तशीच पुसत राहिली, घरापर्यंत. हीटरमधून गार वारा येत होता. घरी आल्यावर तिची बोटं उलगडेनात, मी माझ्या हातात धरून चोळली.

घाटावरच्या वृद्धाश्रमात आक्काने आज वाटीभर सूप घेतलं. हिच्या हातून घेते, दुसऱ्या कुणाच्याही हातून तोंड मिटून घेते. ती हिची थोरली बहीण, म्हणजे माझी आकडसासू. आई गेल्यावर तिनेच हिला घास भरवून वाढवलं. आता सगळी माणसं तिच्या डोक्यातून पुसली गेलीत, हिचा हात तेवढा राहिलाय. आश्रमातली नर्स म्हणाली, "तुम्ही रविवारी येता त्यावर ती पुढचे तीन-चार दिवस थोडंफार घेते. मग पुन्हा बंद."

म्हणजे रविवार चुकवून चालणार नाही.

१२ जानेवारी, सोमवार

गॅरेजवाल्याने गाडीत डोकं घातलं, हुंगलं आणि मला विचारलं, "काका, हा गोड वास किती दिवसांपासून येतोय?"

मी म्हटलं, दिवाळीच्या अंकांना यायचा तसा... नाही, हे मी मनात म्हटलं. तोंडाने म्हटलं, "दोन महिने असेल. बरा वाटायचा."

खरं सांगायचं तर मला तो फार आवडायचा. नव्या पाठ्यपुस्तकाचं पान नाकाशी धरावं तसा. हिला मी म्हणायचोही, गाडीत बसलं की शाळा सुरू झाल्यासारखं वाटतं. ते इंजिन थंड ठेवायचं पाणी होतं. हीटरचा छोटा रेडिएटर फुटलाय, त्यातून ते गळतंय, गालिचा भिजतोय आणि त्याचीच वाफ काचेवर बसतेय. वर ते विष आहे म्हणे.

"सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. माझ्याकडे तीन आठवडे जागा नाही. आणि काका, रागावू नका, पण या गाडीचं वय बघता भंगारवाल्याला विचारा."

गाडीचं वय म्हणताना तो माझ्याकडे बघत होता.

१३ जानेवारी, मंगळवार

ठरलं. मी करणार.

मोजणी खात्यात उभी हयात नकाशे काढण्यात गेली. अर्ध्या केसाएवढी रेघ हलली तर दोन भाऊ कोर्टात जायचे. हा हात एक डबा उघडून दुसरा बसवू शकणार नाही? सुटा भाग मागवला. रविवारच्या आत येईल असं दुकानदार म्हणाला.

जेवताना हिला सांगितलं. ती पोळीचा तुकडा मोडत म्हणाली, "सावकाश करा. घाई नको."

"घाई नको कशी? रविवार आहे."

"म्हणूनच म्हणते," असं म्हणून ती उठली.

बायकांच्या बोलण्यात पूर्वार्ध आणि उत्तरार्ध यांचा संबंध आपण जोडायचा असतो. मला आज जोडता आला नाही.

१४ जानेवारी, बुधवार

बॅटरीची तार सोडवली. खाली परात ठेवून पाणी काढलं, हिरवं, पोपटासारखं. परात झाकून कपाटात कुलुपात ठेवली, मांजरांना तो गोड वास आवडतो आणि मग मांजर राहत नाही. नळ्या इतक्या घट्ट बसल्या होत्या की एक ओढताना कोपर मडगार्डवर आपटला आणि डोळ्यांपुढे नक्षत्रं आली.

शेजारी कुंपणावर हात टेकून उभा होता. आम्ही घरात त्याला समालोचक म्हणतो, कारण आपल्या अंगणात काय चाललंय ते तो आपल्यालाच सांगतो.

"कविराज, नळी काढताय."

"हो."

"निघत नाहीये."

"दिसतंय मला."

"अंगात जोर नाही राहिला आता. मी असतो तर फिरवून काढली असती."

फिरवली. निघाली. त्याला सांगितलं नाही.

संध्याकाळी चिरंजीवांचा फोन. "बाबा, आई सांगत होती कठड्याचं. आता पुरे झालं. गाडी विकून टाकू."

"आणि आक्काकडे कसं जायचं?"

"त्याचं बघतोय मी."

"तू तीन तासांवर राहतोस. तिथून काय बघणार?"

मग त्याने आईला फोन द्यायला सांगितलं. ती फोन घेऊन मागच्या खोलीत गेली आणि दार ओढून घेतलं.

१५ जानेवारी, गुरुवार

आज आतलं जग दिसलं. ग्लोव्हबॉक्सचा खण काढला, खालचं आवरण काढलं, डॅशबोर्ड सैल करून दोरीने आरशाला टांगला. गाडीचा जबडा उघडा. आत तारांचं जाळं, आणि त्याच्या मागे एक काळी पेटी. हीच ती. मी तिला उबेचं घर म्हणतो.

झोपून, मान मुरगाळून, टॉर्च तोंडात धरून काम. वय काय असतं ते माणसाला आरशात कळत नाही, गाडीच्या पायदानात उताणं पडल्यावर कळतं. उठताना दाराला धरून तीन प्रयत्न झाले. ही खिडकीतून बघत होती. मी हात हलवला. तिने पडदा सोडला.

पेटीच्या तोंडावर चार स्क्रू. मधले दोन लांब, कडेचे दोन आखूड. मग झाकणाचे पाच काळे. बाकीचे वाटीत. मी चिठ्ठ्या करणार होतो, पण हात तेलकट आणि चिठ्ठी उडून जाते. त्यापेक्षा पद्य केलं. ज्याला चाल लागली ते माणूस मरेपर्यंत विसरत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो. काल मुलाने काय म्हटलं ते आठवत नाही, पण पाचवीतली प्रत्येक कविता तोंडपाठ आहे.

आधी जमलं ते असं: मधे लांबडे दोन, आखूड काठी. वृत्तात चोख. पण "लांबडे" कानाला टोचलं. गुरुजींनी खडू फेकून मारला असता. आणि "काठी" म्हणजे काठावर की हातातली? मग फिरवून घेतलं:

मधे आखुडे दोन, लांबे कडेला
पुढे पाच काळे उबेच्या घराला

वा. "लांबे कडेला" म्हणताना जीभ घसरगुंडीवरून येते. प्रत्यक्षात उलट आहे, एवढं लक्षात ठेवायचं. कवितेत इतकी उलटापालट चालते.

दिवसभर गुणगुणत होतो. हिने विचारलं, "काय पुटपुटताय?" मी म्हणून दाखवलं. ती म्हणाली, "छान आहे," आणि माझ्या पुस्तकांचा एक गठ्ठा उचलून बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवला. मागची खोली आवरायला काढलीय तिने. आत्ताच, या गारठ्यात. राग असा काढायचा असतो.

१७ जानेवारी, शनिवार

भाग आला. खोका उघडला. नळ्यांची तोंडं उलट्या बाजूला. दुसऱ्या कुठल्या गाडीचा.

दुकानदार म्हणाला, "बदलून देतो. मंगळवारी."

मी फोन ठेवला आणि बराच वेळ गाडीत बसलो. डॅशबोर्ड दोरीला लटकलेला, सगळ्या तारा मांडीवर. गुरुजींची पट्टी आठवायचा प्रयत्न केला, ऐकू आली नाही.

१८ जानेवारी, रविवार

गेलो नाही.

हिने सकाळी सवयीने डबा भरला. मग तो तसाच ओट्यावर राहिला. नर्सचा फोन आला: दोन चमचे. तेही ओठांवरून परत आले. वजन उतरलंय.

ही जेवली नाही. म्हणाली, भूक नाही. दोन बहिणी, मध्ये एक घाट, दोघी उपाशी, आणि मधोमध मी, हातात पाना घेऊन.

टॅक्सी विचारली होती. घाटात दाट धुकं, कुणी यायला तयार नाही.

१९ जानेवारी, सोमवार

पुन्हा मायलेकांचा फोन, पुन्हा मागच्या खोलीत. मी पाण्याला म्हणून उठलो होतो. दारातून एवढंच ऐकलं: "कागद झाले ना सगळे? मग रविवारीच ये. त्यांना आत्ता काही सांगू नकोस, उगीच मनाला लावून घेतील."

म्हणजे गाडी गेली. गिऱ्हाईक ठरलं, रविवारी येणार. माझ्या घरात, माझ्या गाडीवर, माझ्या पाठीमागे.

 पाणी प्यायलो. ठीक आहे. रविवारच्या आधी हीटर चालू करून दाखवायचा. गरम गाडीत हिला बसवायचं आणि गिऱ्हाईक यायच्या आत घाट चढायला लागायचं. मग बघू कोण विकतं.

२० जानेवारी, मंगळवार

बरोबर भाग आला. लहान, चकचकीत, पाकिटात पत्र ठेवावं तसा पेटीत सरकला. कडेला स्पंजच्या पट्ट्या स्वतः चिकटवल्या.

समालोचक आज अंगणात नव्हता, आमच्या घरात होता. छिन्नी घेऊन मागच्या खोलीच्या दारातली उंबऱ्याची पट्टी काढून देत होता. हिने बोलावलं म्हणे. मी विचारलं, कशाला? ही म्हणाली, "पायाला लागते." इतकी वर्षं लागली नाही ती.

समालोचक माझ्याकडे बघून हसला. "कविराज, तुम्ही तुमची गाडी सांभाळा."

यालाही माहीत आहे म्हणजे. सगळ्या गल्लीला माहीत आहे, मी सोडून.

२२ जानेवारी, गुरुवार



सकाळी पेटी बंद करायला घेतली. तोंडाने चाल सुरू. मधे आखुडे दोन, लांबे कडेला. मधले बसले. मग कडेचा पहिला. थोडा जड गेला. मी म्हटलं, नवीन स्पंज आहे, दाबतोय. शेवटचे दोन आटे अंगाचा भार देऊन फिरवले. दुसराही तसाच. मग पुढे पाच काळे. अगदी वृत्तात.

नळ्या जोडल्या, पाणी भरलं, इंजिन चालू केलं. हीटर पूर्ण गरमवर ठेवून बुडबुडे निघायची वाट बघत उभा राहिलो. बुडबुडे निघाले. हात आत घातला: गरम. गरम वारा. मी तिथे उभा राहून, सांगायला लाज वाटते, रडलो थोडा.

मग गोड वास आला.

खाली वाकलो. पायदानात थेंब. एक, मग एक, मग ओळीने.

सगळं पुन्हा उतरवलं. उजव्या कडेच्या लांब स्क्रूचं टोक नव्या भागाच्या अंगात गेलं होतं. डाव्याने नुसता ओरखडा काढला होता. आखूड स्क्रू तिथे का असतात ते तेव्हा कळलं: कडेला लगेच मागे तो भागच असतो. माझ्या हातात दोन आखूड स्क्रू नको तिथून निघालेले आणि डोक्यात ती ओळ, गोड, घसरगुंडीसारखी.

लांबडे. लांबडे, लांबडे, लांबडे. काय बिघडलं असतं?

ही चहा घेऊन आली. माझा चेहरा बघून कप तिथेच दगडावर ठेवला. "किती फुटलंय?"

"सुईएवढं भोक."

"तुम्हाला लागलं नाही ना कुठे?"

"मला काय होतंय. रविवार गेला."

ती खाली बसली, माझ्या शेजारी, पायरीवर. मग म्हणाली, "तुमचा हीटर होईल तेव्हा होईल. मनाला लावून घेऊ नका."

मनाला लावून घेऊ नका. सोमवारी दाराआड म्हटलेलं तेच. मी तिच्याकडे बघितलं नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार

नवा भाग दहा दिवसांनी. तोवर आक्काच्या तोंडात काय जाणार?

दोन वाटा होत्या. दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून हीटर वगळायचा: गाडी चालेल, पण ऊब नाही, म्हणजे काच, म्हणजे कठडा. नाहीतर भोक बुजवायचं. धातूवर बसणारा दोन रंगांचा लेप मिळतो, मळून एकत्र करायचा. भाग काढला, घासला, वाळवला, हिच्या केस वाळवायच्या यंत्राने कोमट केला आणि लेप चढवला. बोटाने गुळगुळीत केला. नकाशावर नदीची रेघ ओढताना धरायचो तसा श्वास धरून.

चोवीस तास हात लावायचा नाही असं पाकिटावर लिहिलंय. बशीत ठेवून फडताळात ठेवलाय. दर थोड्या वेळाने जाऊन बघतो. नवजात बाळाला बघायला जावं तसं.

नर्सचा फोन आला होता. हिने तो मागच्या खोलीत नेऊन घेतला.

२४ जानेवारी, शनिवार

लेप दगडासारखा झाला. बसवला. या वेळी पद्य नाही. प्रत्येक स्क्रू पेटीवर धरून, लांबी मोजून, मोठ्याने गद्यात म्हटलं: हा आखूड. हा कडेला. समालोचक कुंपणावरून म्हणाला, "आखूड. कडेला." मी त्याला थांबवलं नाही. दोघांनी मिळून म्हटलेलं बरं.

इंजिन चालू ठेवून तासभर बसलो. वारा गरम. पायदान कोरडं. मग बोट लावलं: ओल. थेंब नाही, ओल. लेपाच्या कडेशी घाम यावा तशी.

गल्लीत चक्कर मारली. काच स्वच्छ. पुन्हा बोट लावलं: तेवढीच ओल. घाटात इंजिन तापेल, दाब वाढेल, तेव्हा काय होईल ते सांगता येत नाही. मी सांगू शकत नाही हे इथे लिहून ठेवतो, कारण हिला मी सांगितलं, "झालं. एकदम पक्कं. उद्या निघू."

"उद्या?" ती दचकलीच.

"सकाळी लवकर."

"दहानंतर निघू," ती म्हणाली. "ऊन येऊ दे."

दहा वाजता गिऱ्हाईक येणार असावं.

२५ जानेवारी, रविवार

आठलाच गाडी सुरू करून अंगणात उभी केली, तापायला. पाण्याची बाटली, लेपाचं उरलेलं पाकीट, फडकी मागच्या सीटवर. आत येऊन म्हटलं, "चल."

ही ओट्यापाशी सूप ढवळत होती. "थांबा जरा."

"कशाला थांबू? मला माहीत आहे कोण येणार आहे."

तिने गॅस बंद केला आणि माझ्याकडे वळली. "माहीत आहे? कुणी सांगितलं?"

"मी बहिरा नाही. कागद झाले, रविवारी ये, मला सांगू नकोस. गाडी विकायची तर माझ्या तोंडावर सांगायचं होतं. मी ती दुरुस्त केलीय."

ती म्हणाली, "अहो, गाडी कोण विकतंय?"

तेवढ्यात बेल वाजली.

मी दार उघडलं. मी तावातावाने उघडलं. समोर मुलगा होता, नाक लाल, आणि त्याच्या मागे आश्रमाची नर्स, आणि दोघांच्या मध्ये चाकाच्या खुर्चीत, तीन शालींत गुंडाळलेली, एवढीशी झालेली आक्का. मागे रस्त्यावर आश्रमाची गाडी, काचांवर घाटातल्या धुक्याचं पाणी.

"डॉक्टरांनी परवानगी द्यायला आठ दिवस लावले," मुलगा म्हणाला. "रस्ता फार वाईट आहे बाबा. तुम्ही निघाला नाहीत हे बरं झालं. खोली तयार आहे ना, आई?"

मी मागच्या खोलीकडे बघितलं. दार उघडं होतं. आत पलंग होता, चादर घातलेली. तो कधी आला ते मला कळलं नाही. उंबरा नव्हता.

"तुमचा हीटर होईल तेव्हा होईल, म्हटलं होतं ना मी," ही हळू म्हणाली. "पण तोवर तिला उपाशी ठेवू?"

"मला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तुम्ही पाना खाली ठेवून बसला असता. आणि तुम्ही असे बसलात की मला बघवत नाही."

खुर्ची आत घ्यायला गेलो तर आक्काने दाराची चौकट धरली. बोटं निळी पडली होती. आश्रमाच्या गाडीतला हीटर पुढच्या माणसापुरताच. "हे आमचं घर नव्हे," ती म्हणाली. नर्सने समजावलं, मुलाने समजावलं. चौकट सुटेना. मग तिची नजर अंगणात गेली. माझी गाडी तिथे गुरगुरत उभी होती.

"गाडी आली का?" आक्काने विचारलं.

"आली," मी म्हटलं. "गरम आहे. बसता?"

तिने चौकट सोडली.

मी आणि मुलाने उचलून तिला पुढच्या सीटवर बसवलं. वजन असं नव्हतंच. गरम वारा तिच्या हातांवर आला तशी तिने ते उलटे-पालटे केले. ही सूपची वाटी घेऊन माझ्या जागेवर, स्टिअरिंगमागे बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दार लावून घेतलं.

मी बॉनेटजवळ उभा. इंजिनाचा आवाज ऐकत, काचेतून तपमानाचा काटा बघत. अर्ध्यावर होता, हलत नव्हता. पहिला चमचा गेला. ओठ मिटले. मी श्वास धरला. गळा हलला. दुसरा गेला. आक्काच्या पायांशी आता ओल किती असेल ते मला दिसत नव्हतं, आणि दार उघडून बघायची माझी छाती नव्हती.

समालोचक कुंपणापाशी आला होता. आज त्याने तोंड उघडलं नाही.

"बाबा," मुलगा शेजारी येऊन म्हणाला, "उभ्या गाडीत कशाला इंजिन? बंद करू का?"

"हात लावू नकोस," मी म्हटलं. "अजून अर्धी वाटी आहे."